ठोशाला एक नाणे

नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचा इतिहास हा बहुतांशी घेण्याचा इतिहास आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोनने आपल्या वायुयंत्रविषयक ग्रंथात देवळात ठेवण्याच्या एका पात्राचे वर्णन केले आहे. त्याच्या फटीतून पाच द्राख्माचे नाणे आत टाकले की ते तरफेच्या टोकावरील लहानशा पत्र्यावर पडते, त्या भाराने तरफ कलते, तिला जोडलेली झडप उघडून थोडे पवित्र पाणी वाहते, आणि पत्रा पुरेसा कलून नाणे घसरून गेले की झडप आपोआप मिटते. सुमारे अठरा शतकांनंतर, १८८३ मध्ये, लंडनमध्ये पर्सिव्हल एव्हरिटचे पोस्टकार्ड विकणारे यंत्र आले आणि तेथून पुढे हीच कल्पना रेल्वेच्या फलाटांवर, उपाहारगृहांत आणि जत्रांत पसरत गेली. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर रंगीत दिवे मिचकावत उभी असलेली वजनाची यंत्रे याच कुळातली : नाणे टाकावे, आतली घरघर ऐकावी आणि एका बाजूला वजन व दुसऱ्या बाजूला भविष्य छापलेले जाड कागदाचे तिकीट हाती घ्यावे. यंत्रे बदलली, मोबदला बदलला, पण नाणे मात्र माणसाच्या हातातून यंत्राच्या पोटातच जात राहिले.

याच्या नेमके उलट वागणारे एक यंत्र अलीकडे हौशी कारागीर घरी बनवतात. वितभर बाजूचा एक पिवळा घनाकार ठोकळा, चारही उभ्या बाजूंवर पांढरे प्रश्नचिन्ह, खालून मूठ मारली की दोन स्वरांचा एक टिपेचा आवाज आणि पाठोपाठ तळहातावर पडणारे खरेखुरे नाणे, एवढेच त्याचे काम. व्यवहारात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, कारण त्यातून निघणारे प्रत्येक नाणे आधी त्याच घरातल्या कोणीतरी त्यात भरलेले असते. माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननने १९५२ मध्ये एक पेटी बनवली होती. तिच्यावरची कळ दाबली की झाकण उघडून एक हात बाहेर येई, कळ बंद करी आणि परत आत जाई. अशा निरुद्देश यंत्रांच्या परंपरेत हा ठोकळा सहज बसतो, फक्त तो थोडा अधिक उदार आहे.

ठोकळ्याचे मूळ जपानमध्ये आहे. निन्तेंदो कंपनीने १३ सप्टेंबर १९८५ रोजी आपल्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रासाठी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ विक्रीस आणला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्याची रचना केली होती आणि संगीत कोजी कोंदो यांचे होते. पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावणारा मिशीवाला मारिओ हवेत तरंगणाऱ्या प्रश्नचिन्हांकित ठोकळ्यांखाली उडी मारतो, त्याची वर उगारलेली मूठ ठोकळ्याला लागते, ठोकळा जरासा उसळून जागेवर येतो, वरून एक नाणे गरगरत उडते व क्षणात नाहीसे होते, आणि ठोकळा तपकिरी, निर्जीव होऊन राहतो. प्रत्येक नाण्याला दोनशे गुण मिळतात आणि शंभर नाणी झाली की एक जास्तीचा जीव मिळतो. त्या नाण्यांनी त्या खेळात काहीही विकत घेता येत नाही. भारतात १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या असंख्य नकला दूरदर्शन संचाला जोडून घरोघरी खेळल्या गेल्या, पिवळ्या-काळ्या ‘कॅसेट’ शेजारपाजारी उसन्या दिल्याघेतल्या गेल्या, आणि त्यामुळे क्योतोतल्या कंपनीचा हा ठोकळा महाराष्ट्रातल्या एका पिढीलाही, त्याचे मूळ नाव-गाव ठाऊक नसताना, घरचाच वाटतो.

या ठोकळ्यातून नाणे का निघावे, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. व्हिडिओ गेमचा धंदा सुरू झाला तोच नाणी गिळणाऱ्या कपाटांतून. १९७२ मध्ये अटारी कंपनीने ‘पाँग’ या खेळाचे पहिले कपाट कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथल्या एका मद्यगृहात ठेवले. ते काही दिवसांत बंद पडल्याची तक्रार आली तेव्हा पाहणीत आढळले की नाणी साठवण्याचे भांडे काठोकाठ भरून वाहू लागल्याने यंत्र अडले होते. त्या काळच्या खेळरचनेचा सारा कस खेळणाऱ्याला लवकर हरवून पुढचे नाणे टाकायला लावण्यात लागत असे. १९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’ या नाण्यावर चालणाऱ्या खेळात नाणी पडद्यावर आली होती आणि मजल्याला खालून धडक देण्याची युक्तीही होती, पण त्या कपाटालाही बाहेरून नाण्याची फट होतीच. फॅमिकॉमवरच्या मारिओला ती फट उरली नाही. खेळ एकदाच विकत घेतलेला, त्यामुळे दर डावाला खिशातून काही काढण्याचे कारण संपले, आणि जे नाणे आजवर खेळणाऱ्याकडून वसूल होत असे तेच आता खेळणाऱ्यावर उधळले जाऊ लागले. ही उधळण अर्थात फुकटची होती, कारण तिच्यामागे धातू नव्हता. घरी बनवलेला ठोकळा ती उधळण धातूत उतरवू पाहतो, आणि पडद्यावर फुकट असलेल्या प्रत्येक गोष्टीची किंमत त्याला कुठे ना कुठे मोजावी लागते. त्याच्या जडणघडणीतली सारी गंमत या किमतीच्या हिशेबात आहे.

पहिली किंमत गुरुत्वाकर्षणाची. खेळातले नाणे वर उडते आणि हवेतच विरते. खऱ्या नाण्याला वर पाठवायचे तर त्याला वेग द्यावा लागतो आणि मग ते पडणार कुठे याची काळजी वाहावी लागते. गणित सोपे आहे. २०११ च्या मालिकेतल्या एक रुपयाच्या नाण्याचे वजन ३.७९ ग्रॅम आहे. ते पंधरा सेंटिमीटर उंच उडवायला ज्यूलच्या हजाराव्या भागाच्या मापाने साडेपाचच्या आसपास ऊर्जा लागते आणि सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे १.७ मीटर पुरतो. सोलेनॉइड, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडताच लोखंडी दांडी झटक्याने ओढणारा किंवा ढकलणारा सुटा भाग, एवढी ऊर्जा सहज देतो. अडचण दिशेची आहे. नाण्याच्या मध्याला दणका बसला नाही तर ते तिरके उडते, फटीच्या काठाला आपटते आणि आतच पडते. खेळातल्या नाण्याप्रमाणे सरळ वर जाऊन गरगरणारे नाणे दहांत एखादेच. म्हणून बहुतेक शहाणे कारागीर हट्ट सोडतात व नाणे खालून पाडतात. मूठ खालून येते, ती उघडली की तळहात तयारच असतो, आणि या एका तडजोडीने यंत्राचा अर्धा गुंता कमी होतो.

दुसरी किंमत मोजावी लागते ती एकेक नाणे वेगळे करण्यासाठी, आणि यंत्राचा खरा प्राण येथे आहे. उभ्या नळीत नाण्यांची चळत रचायची, नळीच्या बुडाशी एक सपाट पट्टी सरकती ठेवायची, आणि तिने सर्वांत खालच्या नाण्याला आडवे ढकलून भोकाकडे न्यायचे, ही योजना जुनी व खात्रीची आहे. तिचे सारे यश दोन मापांवर अवलंबून असते. ढकलणारी पट्टी नाण्याच्या जाडीपेक्षा पातळ हवी, नाहीतर ती वरच्या नाण्यालाही धक्का देते. आणि बाहेर जाण्याची फट एका नाण्याच्या जाडीहून मोठी पण दोन नाण्यांच्या जाडीहून लहान हवी, नाहीतर दोन नाणी एकत्र घुसून अडकतात. रुपयाचे नाणे दीड मिलिमीटरच्या आसपास जाड असल्याने ही सारी शिस्त मिलिमीटरच्या अंशांत पाळावी लागते. नळीचा आतला व्यास नाण्यापेक्षा किंचितच मोठा असावा; तो ऐसपैस झाला की नाणी कलून एकमेकांवर कौलांसारखी चढतात आणि मग पट्टीला धरायला सरळ कडच सापडत नाही.

पडद्यावरची सगळी नाणी एकच असतात, कारण संगणकाच्या स्मृतीत एकच चित्र साठवलेले असते आणि तेच पुन्हा पुन्हा काढले जाते. भारतीय रुपयाबद्दल असे म्हणता येत नाही. १९९२ पासूनचे बिनगंज पोलादी एक रुपयाचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे व ४.८५ ग्रॅमचे होते. २०११ च्या मालिकेत ते २१.९३ मिलिमीटरवर आले. आणि त्यानंतरच्या मालिकेत २० मिलिमीटरवर. ही सारी नाणी बाजारात एकाच वेळी फिरतात. त्यातही विचित्र योग असा की २०११ च्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणे पुन्हा २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचेच आहे, म्हणजे जुन्या रुपयाचे माप नव्या दोन रुपयांनी घेतले. दुकानदार आणि कंडक्टर यांनी या घोळावर पुरेसे तोंडसुख घेतलेले आहे. पण ज्याने २१.९३ मिलिमीटरसाठी नळी कापली आहे त्याच्या दृष्टीने सरकारी नाणेनीती हा प्रत्यक्ष यांत्रिक बिघाडाचा विषय होतो. याउलट जपानचे पाच येनचे पितळी, मध्ये भोक असलेले नाणे २२ मिलिमीटर व्यासाचे आणि ३.७५ ग्रॅमचे आहे, त्यामुळे रुपयासाठी बेतलेल्या नळीत ते जवळजवळ बिनतक्रार बसते आणि रंगानेही खेळातल्या नाण्याला ते अधिक जवळचे आहे. ज्यांना सोनेरी झाकच हवी आणि जपानी नाणी मिळण्याची सोय नाही, त्यांनी २०११ च्या मालिकेतली पाच रुपयांची निकेल-पितळी नाणी वापरावीत. व्यास २३ मिलिमीटर, वजन ६ ग्रॅम.

पट्टी हलवायला बहुधा छोटी सर्व्हो मोटर घेतात. सर्व्हो म्हणजे नुसती फिरत राहणारी मोटर नव्हे; तिच्या पोटात दातेरी चक्रांची मालिका, आपण कोणत्या कोनात आहोत हे सांगणारा बदलता रोधक आणि सांगितलेला कोन व प्रत्यक्ष कोन यांतला फरक मिटेपर्यंत मोटर फिरवणारे मंडल असते. तिला दर वीस मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवायचा, आणि तो स्पंद एक मिलिसेकंद लांबीचा की दोन, यावरून तिने कोणत्या कोनात उभे राहायचे ते ठरते. नऊ ग्रॅम वजनाची निळी प्लास्टिकची सर्व्हो पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळते. तिची ताकद या कामाला भरपूर आहे. तीस रुपयांची चळत सुमारे ११४ ग्रॅम भरते. घर्षणाचा गुणांक अर्धा धरला आणि तळच्या नाण्यावर खालून व वरून दोन्हीकडून घर्षण होते हे लक्षात घेतले, तरी ढकलायला शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जोर पुरतो, आणि ही मोटर एक सेंटिमीटर अंतरावर दीड किलोहून अधिक जोर लावते. कमी पडतो तो पल्ला. मोटरीला जोडलेला हात १५ मिलिमीटर लांबीचा असेल आणि तो ९० अंश फिरला, तर त्याचे टोक सरळ रेषेत २१.२ मिलिमीटर सरकते, म्हणजे २१.९३ मिलिमीटरच्या नाण्याला पूर्ण बाहेर काढायला मिलिमीटरही न भरणारे अंतर कमी. असे यंत्र नाणे फटीत आणून उभे करते आणि तेथेच सोडून देते. हात २० मिलिमीटरचा केला की पल्ला २८ मिलिमीटरवर जातो आणि प्रश्न मिटतो. शाळेत नववी-दहावीला शिकलेल्या त्रिकोणमितीचा इतका रोकडा उपयोग क्वचितच भेटतो.

ठोसा ओळखण्यासाठी ठोकळ्याचे बाहेरचे कवच आतल्या सांगाड्यावर चार हलक्या स्प्रिंगांनी टांगतात, म्हणजे मूठ लागली की कवच दोन-तीन मिलिमीटर वर जाऊन परत येते, खेळातली ती उसळीही आपोआप साधते आणि त्याच हालचालीने आतला मायक्रोस्विच दाबला जातो. मायक्रोस्विच ही लहानशी पत्र्याची तरफ असलेली कळ; ठरावीक बिंदूवर ती टिचकन जुळते. पण धातूची दोन टोके एकमेकांवर आपटली की लगेच स्थिरावत नाहीत, काही मिलिसेकंद थरथरत जुळतात-सुटतात, आणि सेकंदाला लक्षावधी सूचना पाळणाऱ्या चिपला तो एक ठोसा नसून दहा-वीस ठोसे वाटतात. म्हणून पहिला स्पर्श नोंदवून नंतरचे वीस ते पन्नास मिलिसेकंद कळीकडे दुर्लक्ष करावे लागते. मूळ खेळात हा प्रश्न सहसा जाणवत नाही, कारण तो खेळाडूच्या बटणांकडे प्रत्येक चित्रचौकटीला एकदाच, म्हणजे सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागातून एकदा पाहतो. तेवढ्यात थरथर विरून जाते. संथपणा हा तेथे गुण ठरतो.

या सगळ्याचा कारभार पाहणारा मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याच्या तारा सामावलेला लहान संगणक. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या आर्दुइनो प्रकल्पाने तो हौशी माणसाच्या आवाक्यात आणला. आर्दुइनो उनो या सर्किट बोर्डावरील चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट आणि तात्पुरत्या नोंदींसाठी २ किलोबाइट जागा आहे. योगायोग असा की ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या कॅसेटमध्ये प्रोग्रॅमला ३२ किलोबाइट आणि चित्रांना ८ किलोबाइट जागा होती, आणि फॅमिकॉमच्या प्रक्रियकाला कामासाठी २ किलोबाइटच स्मृती होती. आर्दुइनोच्या घड्याळाचा वेग १६ मेगाहर्ट्‌झ आहे, फॅमिकॉमचा १.७९. म्हणजे जेवढ्या जागेत तो खेळ रचणाऱ्या मंडळींनी बत्तीस टप्प्यांचे आकाश, पाताळ, किल्ले आणि पाणी बसवले, तेवढीच जागा आणि नऊपट वेग हाताशी घेऊन आजचा कारागीर एक पट्टी पुढे-मागे सरकवतो. ही तुलना त्याला कमीपणा आणणारी खरी, पण तिच्याकडे पाहिल्याशिवाय मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या काटकसरीची कल्पना येत नाही. त्या खेळातले ढग आणि झुडपे एकाच आकृतीची आहेत, नुसता रंग बदललेला. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याची लुकलुकही नवे चित्र न काढता, फक्त रंग पाळीपाळीने बदलून साधलेली आहे. घरच्या ठोकळ्यातला एलईडी दिवाही अशाच लबाडीने मंद-तेज होतो : विजेचा दाब कमी-जास्त न करता दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केला जातो आणि चालू-बंद काळाचे प्रमाण बदलले की डोळ्याला ते प्रकाशाचे चढउतार वाटतात. याला स्पंदरुंदी नियमन म्हणतात.

मायक्रोकंट्रोलरशिवायही हे यंत्र बनवता येते, आणि एका अर्थी ते अधिक प्रामाणिक असते. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये रचलेली ५५५ ही कालमापक चिप आजही काही रुपयांत मिळते. तिला एक रोधक आणि एक धारित्र जोडला की कळ दाबल्यावर ती ठरावीक काळ वीज सोडते. हा काळ रोध गुणिले धारिता गुणिले १.१ इतका असतो, म्हणजे १०० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले तर १.१ सेकंद. तेवढ्या वेळात संथ गिअर मोटर एक फेरा पुरा करील आणि तिच्यावरची लंबगोल चकती पट्टीला एकदा ढकलून परत येईल अशी जुळणी केली की प्रोग्रॅमची एकही ओळ न लिहिता ठोशाला एक नाणे पडते. येथे प्रत्येक गुणाला एक दिसणारा भाग जबाबदार असतो. वेळ चुकली तर रोधक बदलावा लागतो, आणि शिकणाऱ्याला कोणत्या कारणाने काय झाले हे बोट ठेवून दाखवता येते. आर्दुइनोत सगळ्या चुका एकाच काळ्या चिपआड लपतात. शाळेतल्या मुलांसाठी म्हणूनच ५५५ चा मार्ग निवडावा.

आवाजाबद्दल मात्र थोडे अधिक बोलणे भाग आहे, कारण हा ठोकळा ओळखला जातो तो दिसण्याइतकाच कानांनी. नाण्याचा तो प्रसिद्ध ध्वनी दोनच स्वरांचा आहे : ९८८ हर्ट्‌झच्या आसपासचा एक आखूड स्वर, आणि त्याला लागूनच १३१९ हर्ट्‌झचा, लांबत जाऊन विरणारा दुसरा. दोघांचे प्रमाण जवळजवळ तीनास चार आहे. म्हणजे पहिल्याला षड्ज मानले तर दुसरा शुद्ध मध्यम होतो. षड्ज-मध्यम संवाद भारतीय कानाला जन्मापासून परिचित आहे, आणि त्यात ‘सा’ला स्पर्श करून ‘म’वर विसावण्याची जी क्रिया आहे तिच्यामुळे या क्षणभराच्या ध्वनीतही काही मिळाल्याचे समाधान ऐकू येते. उलट क्रमाने वाजवून पाहावे. तोच संवाद असूनही काही हरवल्यासारखे वाटते. फॅमिकॉमच्या चिपमध्ये चौकोनी तरंग काढणाऱ्या दोन वाहिन्या होत्या, आणि मायक्रोकंट्रोलरची तार चालू-बंद केली की निघतो तोही चौकोनी तरंगच, म्हणून काही रुपयांच्या पायझो बझरमधून मूळच्या अगदी जवळचा आवाज येतो. स्वर विरत नेणे तेवढे साध्या बझरला जमत नाही. तेथे मोठा स्पीकर लावण्याचा मोह होतो, पण स्पीकरच्या पाठीशी चुंबक असतो आणि रुपयाचे नाणे ज्या फेरिटिक पोलादाचे असते ते चुंबकाला चिकटते. स्पीकर नळीला खेटून बसवला तर नाणी वाटेतच रेंगाळू लागतात आणि कारण शोधताना माणूस मोटरीलाच दोष देत बसतो.

ध्वनी आणि नाणे एकाच क्षणी येत नाहीत, ही तिसरी किंमत, आणि सर्वांत सूक्ष्म. पडद्यावर ठोसा, उसळी, नाणे आणि नाद एकाच चित्रचौकटीत उमटतात. घरच्या यंत्रात सर्व्होला ९० अंश फिरायला सेकंदाचा सुमारे सातवा भाग लागतो, त्यानंतर नाणे तीस सेंटिमीटर पडायला पाव सेकंद लागतो, म्हणजे मूठ आदळल्यापासून नाणे हाती येईपर्यंत जवळजवळ चार दशांश सेकंद उलटतात. एवढा उशीर माणसाला स्पष्ट कळतो. ध्वनी नाण्याबरोबर वाजवावा तर ठोसा मुका वाटतो. ठोशाबरोबर वाजवावा तर नाणे मागे राहते. उपाय ध्वनीतच सापडतो : पहिला आखूड स्वर ठोशाला द्यायचा आणि दुसऱ्या स्वराची लांबी नाणे पडेपर्यंत ताणायची, म्हणजे कान वाट पाहण्याच्या काळात रिकामा राहत नाही आणि उशीर हा त्या स्वराचाच भाग वाटू लागतो. सूचना एकामागून एक पाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘आधी वाजव, मग सरकव’ असे लिहिले तर हे साधत नाही. मोटरला आज्ञा देऊन लगेच स्वराकडे वळावे लागते.

विजेची बाजूही थोडक्यात सांगायला हवी. अडलेली सर्व्हो काही शे मिलिअँपिअर वीज ओढते, त्या झटक्याने मायक्रोकंट्रोलरचा दाब खाली येऊन तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि ठोकळा नाणे न देता नुसताच लुकलुकतो. मोटरीला स्वतंत्र पाच व्होल्टचा पुरवठा व एक मोठा धारित्र दिला, आणि दोन्ही पुरवठ्यांच्या ऋण तारा एकत्र जोडल्या, की हा त्रास जातो. सोलेनॉइड वापरणाऱ्यांनी त्याच्यावर उलटा डायोड न विसरता लावावा, कारण वेटोळ्यातली वीज तोडताच उसळणारा उलटा दाब ट्रान्झिस्टरचा बळी घेतो.

एवढे सारे जुळून आल्यावर उरतो तो रिकामेपणाचा प्रश्न. खेळातला ठोकळा एक नाणे देऊन तपकिरी होतो, पण तो नियम म्हणून. त्याच्याकडचे नाणे संपले असे तेथे म्हणण्यात अर्थ नाही. काही विटांतून तर पहिल्या ठोशानंतर काही सेकंद, जितके चपळ असाल तितकी नाणी निघतात, आणि हा लाभ वेगाला आहे, साठ्याला नाही. घरच्या ठोकळ्याच्या नळीत तीस नाणी असतील तर एकतिसाव्या ठोशाला नाद होईल, दिवा लुकलुकेल, पट्टीही सरकेल, आणि हात रिकामा राहील. नळीच्या तोंडाशी अवरक्त प्रकाशाचा दिवा आणि समोर प्रकाशग्राही ट्रान्झिस्टर बसवून नाणे खरेच गेले की नाही हे पाहता येते, आणि साठा संपला की आवाज बंद करता येतो. असे करावे की करू नये, यावर कारागिरांत दुमत होऊ शकते. आश्वासन देऊन न पाळणारे यंत्र मुलांना पटकन कळते आणि त्यांचा रस ओसरतो, म्हणून नाणे नसेल तर नादही नसावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नाणे देणारे यंत्र आता घरगुती हौसेपुरतेही राहिलेले नाही : रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये क्यूआर कोडवर चालणाऱ्या नाणीवाटप यंत्रांचा प्रायोगिक प्रकल्प बारा शहरांसाठी जाहीर केला. मोबाइलने यूपीआयद्वारे खात्यातून रक्कम वळती करायची आणि यंत्रातून तेवढी सुटी नाणी घ्यायची, अशी ही योजना. म्हणजे आकड्यांच्या रूपातल्या पैशाला धातूचे रूप देण्याचे काम आता अधिकृत यंत्रेही करू लागली. मूठ मारण्याची सोय मात्र तेथे नाही, आणि दोन स्वरांचा नादही नाही.

हा ठोकळा बनवू पाहणाऱ्याने बाजारात जाण्याआधी घरातला पुठ्ठा, कात्री आणि एकाच मालिकेतली पंधरा-वीस नाणी घ्यावीत, नळी आणि सरकती पट्टी पुठ्ठ्याचीच करावी आणि बोटाने ढकलून पाहावे. सलग पन्नास वेळा एकच नाणे, पूर्ण बाहेर आणि न अडकता पडेपर्यंत मापे बदलत राहावे. मोटर, चिप, बझर आणि पिवळा रंग यांची खरेदी त्यानंतर करावी. आणि घरात नाणे तोंडात घालण्याच्या वयाचे मूल असेल तर ठोकळा त्याच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर टांगावा.